लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रॅव्हल सायकल: वाट कोणी बांधली ते आधी बघा

रानचाक

लेक डिस्ट्रिक्टला (इंग्लंडच्या वायव्येचा तळ्या-डोंगरांचा भाग) ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन जायचंय, कुठून सुरुवात करू, असं इथे उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी विचारतंच. उत्तरं मात्र वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहेत. या भागावर माझा फार जीव आहे आणि चुकीची वाट निवडल्यामुळे कोणाचा दिवस सायकल ढकलण्यात गेला हे वाचलं की वाईट वाटतं. म्हणून सगळं एका जागी लिहितो. तिथे सायकल चालवलेल्यांनी भर घालावी, पटलं नाही तर तसंही सांगावं.

आधी कायदा, कारण इंग्लंडमध्ये तो बाजूला ठेवून वाट ठरवता येत नाही. फुटपाथ म्हणजे इथे शेता-डोंगरांतली पायवाट, ती फक्त चालणाऱ्यांची. ब्रिडलवेवर घोडे चालतात, आणि १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टपासून सायकलीही. चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची ही त्या कायद्यातलीच अट आहे, नुसता शिष्टाचार नाही. बायवे (मोटारींनाही खुल्या वाटा) आणि रिस्ट्रिक्टेड बायवे (मोटारींना बंद) यांवरही सायकल चालते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर लांब हिरव्या तुकड्यांची रेघ म्हणजे ब्रिडलवे, आखूड तुकड्यांची म्हणजे फुटपाथ. अख्ख्या भागाचे चार नकाशे आहेत, ओएल ४ ते ओएल ७.

आता खरा मुद्दा. ती हिरवी रेघ तुम्हाला तिथून जायचा हक्क आहे एवढंच सांगते. चाकाखाली काय येणार याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. ८०० मीटरवरच्या दलदलीतून जाणारा ब्रिडलवे आणि शेताकडेचा सपाट खडीचा रस्ता नकाशावर अगदी एकसारखे दिसतात. म्हणून मी प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारतो: ही वाट कोणी, कशासाठी बांधली?

रेल्वेने बांधली असेल तर चढ सौम्यच असणार, इंजिनाला दुसरा चढ झेपत नव्हता. लाकडाच्या ट्रकसाठी वनखात्याने बांधली असेल तर रुंद, ठेचलेल्या खडीची आणि पाणी वाहून जायला चर असलेली. ग्रॅव्हलला याहून चांगलं काही नाही. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी असेल तर ती चढायला कष्टाची, पण पाया भक्कम, कारण त्यावरून भरलेल्या गाड्या उतरायच्या. पूर्वी लादलेल्या घोड्यांच्या तांड्यांनी वापरलेली खिंडीची वाट असेल तर नागमोडी, पायऱ्यापायऱ्यांची, दगडी. घोड्याला चाक नसतं, त्यामुळे तिथे चाकाचा विचार कोणीच केलेला नाही. आणि रोमनांची वाट म्हणाल तर हाय स्ट्रीट या डोंगरावरून ब्रूमच्या किल्ल्याकडून ॲम्बलसाइडच्या किल्ल्याकडे जाणारा त्यांचा रस्ता ८२८ मीटरपर्यंत चढतो. ऐकायला भारी वाटतं, पण वरच्या भागात तो रस्ता कधीच गवत आणि पीटखाली (कुजलेल्या झाडोऱ्याची ओली माती) गेलाय. पावसानंतर चाक तिथे रिमपर्यंत रुततं.

दुसरी गोष्ट खडकाची. हा भाग ढोबळमानाने तीन पट्ट्यांत विभागता येतो. उत्तरेला केझिकच्या मागे स्किडॉ स्लेट: डोंगर गोलसर, दगड चपटे आणि लहान फुटतात, त्यामुळे वाट बऱ्यापैकी दाबून बसते. मध्यभागी बॉरोडेलचे ज्वालामुखी खडक, इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक (९७८ मीटर) यातलंच. हा दगड लवकर झिजत नाही, कोन धरून राहतो आणि टायरला शत्रू आहे. दक्षिणेला विंडरमियर आणि कॉनिस्टनभोवती सिल्युरियन काळातले मऊ खडक, ठेंगणे डोंगर, भरपूर जंगल. नवीन माणसाने दक्षिणेला सुरुवात करावी, मग उत्तरेला जावं आणि मधला पट्टा सगळ्यात शेवटी, तोही निवडून.

नवखी_सायकल

फार उपयोगी लिहिलंत रानचाक. मी आतापर्यंत डांबरी रस्ते आणि कालव्याकाठच्या सपाट वाटा केल्या आहेत. दिवसाला ६० किलोमीटर सहज होतात, पण डोंगरात कधी खडीवर चालवलेली नाही. कार नाही, ट्रेनने येणार. दोन दिवस आहेत. दक्षिणेची एखादी ठरावीक फेरी सांगाल का? तळी तर दिसायलाच हवीत, त्यासाठीच येतेय.

रानचाक

ताई, तुमच्यासाठी विंडरमियर स्टेशनवरून सुरू होणारी फेरी. मेन लाइनवर ऑक्सनहोमला उतरायचं, तिथून केंडल, बर्नसाइड, स्टेव्हली करत छोटी गाडी विंडरमियरला जाते. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, तेवढं तिकिटाबरोबरच करा.

स्टेशनवरून उताराने बोनेसला, पुढे फेरी नॅब या धक्क्याला. तिथे तारेवर ओढली जाणारी फेरीबोट तळ्याच्या पलीकडे नेते, सायकलही घेते. जोरदार वारा किंवा दुरुस्ती असली की ती बंद असते, निघण्याआधी बघून घ्या. पलीकडे उतरल्यावर उजवीकडे, म्हणजे उत्तरेला वळा. थोडा डांबरी रस्ता संपला की क्लेफ हाइट्सच्या पायथ्याने तळ्याला चिकटून रे कॅसलपर्यंत वाट जाते. झाडांची सावली, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी, आणि चढ जवळजवळ नाही. मध्ये बेल ग्रेंजच्या आसपास मुळं आणि दगड वर आलेले आहेत, तिथे सावकाश. लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं याच वाटेवर असतात, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर तुम्हालाही बरं आणि त्यांनाही.

रे कॅसलहून हाय रे हे गाव, मग गावरस्त्यांनी हॉक्सहेड. इथून ग्राइझडेल जंगलात जायला एक खडा चढ आहे, डांबरी. तो चढलात की दिवसाचं सर्वांत अवघड काम झालं. पुढे जंगलातले खडीचे रस्ते, हवे तेवढे. १९७७पासून या जंगलात शिल्पं उभी केली जातात, वळणावर अचानक एखादं समोर येतं. लाल खुणांचा नॉर्थ फेस ट्रेल मात्र सोडून द्या, तो माउंटन बाईकसाठी आहे. तुम्ही रुंद रस्त्यांवरच राहा. सॅटरथ्वेटपर्यंत जाऊन जंगलाच्या पूर्वेकडून एस्थवेट वॉटरच्या बाजूला उतरा आणि सॉरी गावामार्गे परत फेरीबोटीला. साधारण ४० किलोमीटर होतात. ६०ची सवय असली तरी ४०च धरा, खडीवरचे ४० अंगाला जास्त लागतात.

मागचं_चाक

रानचाक, तुमचा नियम चांगला आहे, पण मधल्या पट्ट्याला तुम्ही फारच दूर ठेवताय असं माझं मत. मी ग्रॅव्हल सायकलने वॉल्ना स्कार आणि गारबर्न या दोन्ही खिंडी केल्या आहेत. वॉल्ना स्कार रोड कॉनिस्टनहून निघतो, ६०० मीटरच्या थोडा वर जातो आणि पलीकडे डडनच्या खोऱ्यात सीथ्वेटला उतरतो. खाणवाट आहे, म्हणजे तुमच्याच नियमाने भक्कम. वर पोचल्यावर पश्चिमेला समुद्र दिसतो, मागे कॉनिस्टन वॉटर. अशी जागा नुसती ढकलावं लागतं म्हणून वगळायची? दिवसातला तासभर सायकल ढकलली तर काय बिघडलं? इथल्या खिंडी ओलांडल्याशिवाय एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचा अर्थच कळत नाही. नाहीतर सगळा प्रवास तळ्याकाठच्या बागेत फिरल्यासारखा होतो.

रानचाक

वॉल्ना स्कारबद्दल माझं काही म्हणणं नाही. मधल्या पट्ट्यातली एकच खिंड निवडायची असेल तर मी तीच सांगेन. कॉनिस्टनकडून चढ असा: गावातून फाटकापर्यंत फार तीव्र डांबर, मग मैलभर चांगली सायकल चालते, कोव्ह ब्रिजनंतर शेवटचा टप्पा बहुतेकांना ढकलावा लागतो. डडनकडचा उतार दगडी आणि सरळ आहे, ब्रेकवर हात घट्ट ठेवून. शिवाय डडनमध्ये उतरल्यावर परतायचं कसं, हा प्रश्न उरतोच. उत्तरेला रायनोजचा घाट, शेजारी हार्डनॉट, जिथे चढ ३३ टक्क्यांपर्यंत आहे. म्हणून दक्षिणेकडून ब्रॉटनच्या बाजूने वळसा घालून, टॉर्व्हरमार्गे परतणं शहाणपणाचं.

गारबर्न वेगळं आहे. ट्राउटबेक आणि केंटमियरच्या मधली ही ४४७ मीटरची खिंड, उंची कमी म्हणून लोक फसतात. दोन्ही बाजूंना सुटे दगड आहेत, वाहत्या पाण्याने उघडे पडलेले. ४५ मिलिमीटरच्या टायरवर तिथून उतरणं म्हणजे प्रत्येक फूट जपून. तुम्हाला जमतं कारण तुमचा हात बसलेला आहे. इथे वाचणारे बरेच जण पहिल्यांदा येतात, त्यांच्यापुढे गारबर्न ठेवताना मला संकोच वाटतो. आणि नॅन बील्ड, गेट्सकार्थ, स्टिक्स पास या खिंडींतून सायकलला हक्काची वाट असली तरी त्या ग्रॅव्हल सायकलसाठी नाहीत, यावर मी ठाम आहे. तिथे तासाची ढकल राहत नाही, सायकल खांद्यावर येते.

मागचं_चाक

नॅन बील्डचं मान्य. गारबर्नवर आपलं जुळणार नाही, पण केंटमियरच्या बाजूने चढून ट्राउटबेकला उतरावं, उलट नको, एवढं तरी लिहून ठेवतो. ज्यांना करायचंच आहे त्यांना उपयोग होईल.

केंडलकडची

मी याच भागात राहते, म्हणून वाटांच्या सध्याच्या स्थितीबद्दल थोडं. इथे वाट वर्षभर सारखी राहत नाही. ५ डिसेंबर २०१५ला डेस्मंड वादळ आलं तेव्हा हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, यूकेमधला तो विक्रम आहे. त्या पुरात केझिक ते थ्रेल्कल्ड या जुन्या रेल्वेवाटेवरचे दोन पूल वाहून गेले. वाट पुन्हा पूर्ण सुरू व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. आता ती पाचेक किलोमीटरची वाट पूर्ण गुळगुळीत आहे, ग्रेटा नदी पुन्हा पुन्हा ओलांडते आणि ए६६ महामार्ग बांधताना १९७०च्या दशकात गाडला गेलेला बोगदाही खोदून मोकळा केलाय. वरचं डांबर काही सायकलवाल्यांना आवडलं नाही, त्यांना जुनी खडी हवी होती. माझ्या ओळखीतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या आजी आता तिथे एकट्या जातात, त्यामुळे माझं मत डांबराच्या बाजूने आहे.

दुसरी सांगायची ती ओल्ड कोच रोड. सेंट जॉन्स इन द व्हेलच्या खोऱ्यातून निघून क्लफ हेडच्या उत्तर अंगाने डॉक्रेकडे जाते, सुमारे ८ किलोमीटर, ४०० मीटरच्या वर. नावात कोच म्हणजे घोडागाडी आहे म्हणून लोक सपाट रस्त्याची अपेक्षा धरून येतात. पश्चिमेचा चढ दगडी आहे. वरचा भाग मोकळा आणि सुंदर, उत्तरेला ब्लेनकाथ्रा डोंगर पूर्ण दिसतो. पण पूर्वेकडे खड्डे पाण्याने भरलेले असतात आणि त्यांची खोली वरून कळत नाही. सलग आठवडाभर कोरडं गेलं तर जा. असाच कोरडा आठवडा मिळाला तर टिल्बरथ्वेट आणि हॉज क्लोजच्या खाणीकडून लिटल लँगडेलला जाणारी वाटही करा. तिथे जीप आणि मोटरसायकलीही येतात, त्यांनी वाट उखडते, आणि त्यांना बंदी घालावी का हा वाद इथे जुना आहे. वळणावर समोरून गाडी येऊ शकते हे लक्षात ठेवून चालवा.

एक विनंती. फाटक जसं होतं तसंच सोडा, बंद असेल तर बंद. एप्रिल-मेमध्ये मेंढ्यांची कोकरं अगदी लहान असतात. कळप वाटेवर असला की थांबा, मेंढ्यांना बाजूला व्हायला वेळ द्या. जोरात मधून गेलं की आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला होतं. शेतकऱ्याला मग संध्याकाळी त्यांना शोधत फिरावं लागतं.

पावसाळी

हवामानाचं काय? ऑक्टोबरमध्ये यायचा विचार आहे. सीथ्वेट म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत जास्त पावसाची वस्ती ना? मागचं_चाक यांनी तिथे उतरायला सांगितलं म्हणून विचारतोय.

केंडलकडची

ते सीथ्वेट वेगळं. पावसाचं सीथ्वेट बॉरोडेलमध्ये, तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. वॉल्ना स्कारखालचं सीथ्वेट डडनच्या खोऱ्यात. दोन्हींच्या मध्ये स्कॅफेलचा सगळा डोंगर आहे. फोनवर नाव टाकून दिशा मागताना नीट बघा, लोक खरोखर भलत्या खोऱ्यात पोचतात.

पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होत जातो. बॉरोडेलमध्ये धो धो चाललेला असताना पूली ब्रिजला ऊन असू शकतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये पूर्वेचा आणि जंगलाचा बेत ठेवा, पश्चिमेचा नको. पानं पडायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे ग्राइझडेलमध्ये फार सुंदर असतात. मात्र दिवस लहान होत जातो. डिसेंबरात तर उजेड जेमतेम सव्वासात तास. ऑक्टोबरपासून पुढे-मागे दिवा असल्याशिवाय निघू नका.

खोऱ्यांमध्ये फोनला रेंज मिळत नाही अशा जागा पुष्कळ आहेत. अपघात झाला तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. बोलता येण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी एसएमएस जातो, पण त्यासाठी ९९९ला रजिस्टर हा शब्द इंग्रजीत पाठवून नंबर आधी नोंदवावा लागतो. घरूनच करून ठेवा. रेस्क्यूवाले सगळे स्वयंसेवक आहेत, स्वतःची कामं सोडून रात्री-अपरात्री डोंगर चढतात.

गिअरवाला

टायर आणि गिअरबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

४० मिलिमीटर हे या भागात कमीत कमी. फ्रेममध्ये बसत असतील तर ४५ ते ५० घ्या. ट्यूबलेस हवंच, म्हणजे आत ट्यूब नसलेलं आणि सीलंट या द्रवाने भोक आपोआप भरणारं टायर. ट्यूब असली की दगडाच्या कडेवर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडणार, आणि अशा भोकांचा अनुभव मधल्या पट्ट्यात हमखास येतो. ट्यूबलेस असलं तरी पाटीचा दगड कडेने टायरची बाजू कापतो. ती चीर सीलंटने भरत नाही. प्लग, आतून लावायचा जाड तुकडा आणि एक ट्यूब, तिन्ही जवळ ठेवा. हवा किती, हे वजनावर आहे, पण डांबरावर ठेवता त्यापेक्षा बरीच कमी. अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा आत जायला हवा, आणि दगडावर रिम लागल्याचा आवाज आला की किंचित वाढवा.

गिअरमध्ये पुढच्या चाकीपेक्षा मागची मोठी असावी. पुढे ४० दात्यांची, मागे ४४ किंवा त्याहून मोठी. इथे चढ लांब नाहीत, पण फार तीव्र आहेत, आणि खडीवर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक सुटतं. बसूनच चढायचं म्हणजे गिअर हलका हवा. ज्यांच्या सायकलला रोड बाईकचे गिअर आहेत त्यांनी निघण्यापूर्वी मागची कॅसेट (दातेरी चाकांचा संच) बदलून घ्यावी. इतर कशावरही खर्च करण्याआधी हे.

ब्रेक पॅड ओल्या दिवसांत भराभर झिजतात. वाळू आणि पाणी मिळून त्यांना खातात. जोडी जवळ ठेवा.

नवखी_सायकल

गिअरवाला, हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या सायकलला पुढे ४६ आहे. बदलून घेते. बरोबर आई येतेय, तिची ई-बाईक ब्रिडलवेवर चालते का?

गिअरवाला

२५० वॉटची, पायडल मारल्यावरच जोर देणारी आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी असेल तर कायद्याने ती सायकलच. ब्रिडलवेवर चालते. अॅक्सलरेटरसारखा दांडा फिरवून पळणारी असेल तर आधी नियम बघा. आणि फाटकांवरून उचलायची वेळ आली तर ती फार जड असते, काकूंसाठी जंगलातले रस्तेच बरे.

रानचाक

उत्तरेचं लिहायचं राहिलं होतं. ज्यांचे दक्षिणेचे एक-दोन दिवस झाले आहेत त्यांच्यासाठी स्किडॉच्या मागची फेरी, माझी सर्वांत आवडती.

केझिकहून रेल्वेवाटेने थ्रेल्कल्ड. तिथून ब्लेनकाथ्राच्या पायथ्याच्या केंद्राकडे चढायचं आणि ग्लेनडेराटेरा नावाच्या खोऱ्यात शिरायचं. या खोऱ्याला दोन बाजूंनी वाट आहे. लॉन्सकेल फेलच्या बाजूची अरुंद आहे आणि एका अंगाला दरी, तिथे घसरलं तर थांबायला काही नाही. तुम्ही ब्लेनकाथ्राची बाजू घ्या. सुरुवातीला गाडीवाट, पुढे दगडी, काही ठिकाणी उतरावं लागेल. मग खोरं उघडतं आणि समोर एकटं घर दिसतं, स्किडॉ हाउस. साधारण ४७० मीटरवरचं हे हॉस्टेल आहे, कारने तिथे जाता येत नाही. राहायचं असेल तर आधी कळवून जा.

या घरापासून पुढची वाट माझ्या नियमाचं उत्तम उदाहरण. घराला सामान पोचवायला वाट लागते, म्हणून स्किडॉ हाउसपासून डॅश फॉल्सवरून पीटर हाउस फार्मपर्यंत गाडीवाट बांधलेली आहे. इतक्या उंचावर, इतक्या एकाकी जागी एवढी चांगली खडी! धबधब्याशेजारी उतार फार तीव्र होतो, तेवढा एक भाग जपून. खाली बॅसनथ्वेट तळं आणि स्वच्छ दिवस असेल तर त्यापलीकडे सॉल्वे खाडी, स्कॉटलंडचे डोंगर. परतताना ए५९१वर थोडं अंतर गाड्यांबरोबर जावं लागतं, मग डावीकडे मिलबेक आणि ॲपलथ्वेटच्या गावरस्त्याने केझिक. थ्रेल्कल्डकडून सुरू करा म्हणजे अवघड भाग चढावर येतो आणि सोपी गाडीवाट उतरायला मिळते.

डोंगरउतार

एनरडेल कोणी घेतलंच नाही. पश्चिमेला असल्यामुळे लोक जात नाहीत आणि म्हणूनच ते शांत राहिलंय. बोनेस नॉटच्या पार्किंगपासून पुढे बाहेरच्यांच्या गाड्या बंद. तिथून जंगलातला खडीचा रस्ता तळ्याकाठाने आणि मग लिझा नदीच्या बाजूने थेट खोऱ्याच्या टोकाला ब्लॅक सेलच्या झोपडीपर्यंत जातो, नऊ-दहा किलोमीटर. पूर्वी मेंढपाळांची असलेली ही झोपडी आता हॉस्टेल आहे. समोर पिलर आणि ग्रेट गेबल हे डोंगर उभे. या खोऱ्यात नदीला हवं तसं वाहू देण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, लागवडीच्या झाडांच्या जागी देशी झाडं वाढू देतात, आणि तो बदल रस्त्यावरून जाताना डोळ्यांना दिसतो.

त्याच रस्त्याने परत या. नकाशावर झोपडीपासून दोन ब्रिडलवे दिसतील, एक ब्लॅक सेल खिंडीतून वॉसडेलला आणि दुसरा स्कार्थ गॅपमधून बटरमियरला. दोन्ही मोहात पाडतात. रानचाक यांचा नियम लावला तर दोन्ही घोड्यांच्या तांड्यांच्या आणि मेंढपाळांच्या वाटा, चाकाच्या नाहीत.

सी टू सी, म्हणजे एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा सायकलमार्ग करणारे व्हाइटहेवनहून निघतात तेव्हा एनरडेल ब्रिज या गावाच्या जवळून जातात. त्यांनी एक मुक्काम वाढवून खोऱ्यात आत जाऊन यावं, एवढंच सुचवेन.

पावसाळी

ऑक्टोबरसाठी पूर्वेचं म्हणालात केंडलकडची, तिथे नेमकं कुठे? पूली ब्रिजजवळ ग्रॅव्हलला काही आहे का, की अल्सवॉटरच्या काठाने पॅटरडेलपर्यंत जावं?

केंडलकडची

अल्सवॉटरच्या पूर्व काठाची सँडविक ते पॅटरडेल वाट पायी अप्रतिम आहे. सायकलसाठी दगडी आणि अरुंद, आणि सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्यांची रांग असते. तुम्हाला सतत उतरावं लागेल, त्यांना सतत बाजूला व्हावं लागेल.

त्याऐवजी ॲस्कम फेल. पूली ब्रिजहून मूर डिव्हॉकवर चढा. चढ छोटा आहे, मग एकदम सपाट माळ उघडतो. हाय स्ट्रीटचा रोमन रस्ता इथूनच खाली येतो, आणि या खालच्या टोकाला तो कोरडा, पक्का आहे, वरच्यासारखी दलदल नाही. वाटेत कॉकपिट नावाचं जुनं दगडांचं वर्तुळ लागतं. माळावर चारी दिशांना ब्रिडलवे जातात, खडी आणि आखूड गवत, त्यामुळे वारा बघून दिशा ठरवता येते. ॲस्कमला उतरून लोथरच्या बाजूच्या गावरस्त्यांनी परत पूली ब्रिज. पेनरिथ स्टेशन जवळ आहे, तिथूनच सायकलवर या. सकाळी निघालात तर अंधार पडायच्या आत परतीची गाडी आरामात मिळते. फक्त धुकं असेल तर माळावर शिरू नका, सगळ्या वाटा सारख्या दिसतात आणि खुणेला झाड नाही.

पावसाळी

ठरलं. पेनरिथहून ॲस्कम फेल, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस नसेल तर रेल्वेवाट आणि थ्रेल्कल्ड. स्किडॉची फेरी पुढच्या उन्हाळ्यात.

रानचाक

बेत चांगला आहे. केझिकला आता ट्रेन जात नाही, पेनरिथ ते केझिकची लाइन १९७२ला बंद झाली. दुसऱ्या दिवशी पेनरिथहून सायकलने जाणार असाल तर ए६६ अजिबात घेऊ नका, ट्रकचा रस्ता आहे. सी टू सीच्या खुणा धरून ग्रेस्टोकमार्गे गावरस्त्यांनी थ्रेल्कल्डला या. परतताना वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून मिळेल.